बी-स्कूलचा ॲडमिट आल्यावरची पडताळणी: कागद, तारखा आणि फोन उचलणारी माणसं

डिसेंबरात परदेशातल्या एमबीए प्रवेशाच्या पहिल्या फेरीचे, म्हणजे राउंड वनचे निकाल लागतात, मार्चअखेरीला राउंड टूचे. ॲडमिटचा मेल येतो, घरी पेढे वाटले जातात, डिपॉझिट आणि एज्युकेशन लोनची धावपळ सुरू होते. त्या गडबडीत काही आठवड्यांनी आणखी एक मेल येतो: तुमचा प्रवेश पडताळणी पूर्ण होण्याच्या अटीवर आहे, खालच्या लिंकवर जाऊन माहिती भरा. या दुसऱ्या मेलनं भल्याभल्यांची झोप उडते. एप्रिल-मेमध्ये ओळखीतल्या मुलामुलींचे मला जे फोन येतात, ते बहुतेक याच मेलबद्दल असतात. मी स्वतः यातून गेले आहे, अडकलेही होते, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक नामवंत बी-स्कूल प्रवेश दिलेल्या उमेदवारांची बॅकग्राउंड चेक करून घेतात. काही ठिकाणी सगळ्यांची होते, काही ठिकाणी मोजक्यांची. काम सहसा त्रयस्थ कंपनीकडे असतं. आपल्याकडच्या उमेदवारांच्या तोंडी ‘रे व्हेरा’ हे नाव जास्त ऐकू येतं. आपल्याकडे हैदराबाद-मोहालीची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, म्हणजे आयएसबीसुद्धा पडताळणी करते. हिंजवडी-खराडीत नोकरी केलेल्यांना हा प्रकार ‘बीजीव्ही’ (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन) म्हणून माहीत असतो. पण नोकरीच्या बीजीव्हीत मुख्यतः कागद मागतात. इथे तुमचा अर्ज पुढ्यात ठेवतात. पगार, हुद्दा, महिने, विद्यापीठ, शिफारस देणारी माणसं, गणेश मंडळातलं काम, असं जे जे तुम्ही सहा महिन्यांपूर्वी टाइप केलं होतं, त्यातला एकेक मुद्दा उचलून संबंधितांना विचारतात: हे असंच आहे का?

तपासणाऱ्यापुढे दोन रकाने असतात, अर्जात काय आहे आणि नोंदीत काय आहे. लहान कंपनी, एटीकेटी, बेताचा पगार, तालुक्याच्या गावचं कॉलेज, यानं या टप्प्यावर काहीही बिघडत नाही. हे सगळं बघूनच तुम्हाला घेतलेलं असतं. बिघडतं ते दोन रकान्यांत फरक निघाला की. त्यामुळे तयारी ॲडमिट आल्यावर सुरू करणं म्हणजे उशीर. ती अर्ज भरायला बसण्याआधी करायची असते. तुमचा अर्ज अजून जायचा असेल तर पहिल्या पायरीपासून वाचा. गेला असेल तर सातव्या पायरीवर जा आणि मग मागे या.

पहिली पायरी: तारखांचा तक्ता

रेझ्युमे बाजूला ठेवा. कपाटातली फाइल काढा. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, प्रमोशनची पत्रं, रिलीव्हिंग लेटर, पहिली आणि शेवटची सॅलरी स्लिप, प्रत्येक वर्षाचा फॉर्म १६, पीएफचं पासबुक. एका कोऱ्या पानावर प्रत्येक नोकरीसाठी एवढंच लिहा: कंपनीचं कायदेशीर नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पत्रावरचा हुद्दा, सुरुवातीचा आणि शेवटचा पगार. प्रत्येक ओळीपुढे ती माहिती कुठल्या कागदावरून घेतली ते लिहायला विसरू नका. आठवणीतून एकही तारीख लिहायची नाही.

हा तक्ता करताना जवळपास प्रत्येकाला काहीतरी सापडतं. माझ्या रेझ्युमेत पहिल्या नोकरीची सुरुवात ‘जुलै’ अशी होती, कारण जुलैत मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जायला लागले होते. कंपनीच्या नोंदीत तारीख होती ३ ऑगस्ट. मधले तीन आठवडे मालकांनी ‘काम बघून घे’ म्हणून बोलावलं होतं, त्याचा पगार नव्हता. मला तो जुलै खराच वाटत होता. पण नोंदीत जुलै कुठेच नव्हता.

यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या संकेतस्थळावर सर्व्हिस हिस्टरी बघून घ्या. तिथे कंपनी, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख दिसते. पूर्वीच्या कंपनीनं सोडल्याची तारीख भरलीच नाही, असं बऱ्याचदा निघतं. ते आत्ता दुरुस्त करून घ्या.

दुसरी पायरी: नाव

आपल्या नावांचा घोळ अमेरिकेतल्या माणसाला कळत नाही. दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव स्वतंत्र रकान्यात. कंपनीच्या मस्टरवर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. तिन्ही ठिकाणी तुम्हीच असता, पण यादीत नाव शोधणाऱ्या क्लार्कला तीन माणसं दिसतात.

अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव द्या. ‘पूर्वीची किंवा इतर नावं’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. मार्कशीटवरचा क्रम आणि स्पेलिंग तिथे जसंच्या तसं लिहा. दीपकच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर ‘डबल ई’ आणि दुसऱ्यावर ‘आय’, एवढा फरकसुद्धा लिहायचा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी माहेरचं पूर्ण नाव द्यावं आणि विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये ठेवावा. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या अंकाची प्रत ठेवावी.

तिसरी पायरी: शिक्षण

पदवी देतं ते विद्यापीठ, कॉलेज नव्हे. पडताळणी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जाते, म्हणून दोन्हींची नावं बरोबर हवीत. इथे नामविस्तारांचा प्रश्न येतो. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचं झालं, सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पुण्याचं सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. त्याआधीची पदवी पुणे विद्यापीठाची. तुमच्या पदवी प्रमाणपत्रावर जे नाव छापलंय ते लिहा आणि जागा असेल तर ‘आताचं नाव अमुक’ अशी जोड द्या.

प्रमाणपत्रावरून आठवलं. कितीतरी मुलांकडे पदवी प्रमाणपत्र नसतंच. प्रोव्हिजनलवर नोकरी लागली, कॉन्व्होकेशनचा अर्ज भरायचा राहून गेला, सहा वर्षं गेली. बी-स्कूलला पदवी प्रदान झाल्याचा पुरावा लागतो. आजच तपासा, नसेल तर अर्ज करा. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कामाला किती दिवस लागतात हे मी सांगायला नको, आणि मे महिन्यात तिथे परीक्षांचा हंगाम असतो. पदवी डिजिलॉकरवर उपलब्ध असेल तर तीही उतरवून ठेवा.

एटीकेटी लपवू नका. ट्रान्स्क्रिप्टवर प्रयत्न दिसतात. दुसऱ्या वर्षी एम-थ्री हा गणिताचा पेपर राहिला होता, हे वाचून कुणी प्रवेश काढून घेत नाही. मार्कशीटचा तो एक अटेम्प्ट वगळून स्कॅन पाठवला, तर मात्र प्रश्न गणिताच्या पेपरचा राहत नाही. सीजीपीए किंवा टक्के जसे छापलेत तसेच भरा. चारपैकी गुण अशा अमेरिकी मापात स्वतः रूपांतर करायला सांगितलं नसेल तर करू नका.

अर्जात ‘शिकलेल्या सर्व संस्था’ विचारलेलं असतं. एक वर्ष इंजिनीअरिंग करून सोडलं आणि मग बीएस्सी केलं, तर ते एक वर्षही लिहायचं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी असेल तर सरळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असं लिहा.

जीमॅट-जीआरईचे स्कोअर शाळेला थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून जातात, त्यात तुम्ही करण्यासारखं फार नाही. नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅटची नवी आवृत्ती आली आणि मापही २०५ ते ८०५ असं बदललं. जुना स्कोअर नव्या मापात ‘साधारण इतका’ असा लिहू नका. स्कोअर आणि तारीख रिपोर्टवर आहे तशी लिहा.

चौथी पायरी: नोकरी

दहातल्या आठ अडचणी या पायरीवर येतात, हा माझा अनुभव.

हुद्दा. व्हिजिटिंग कार्डावर एक, लिंक्डइनवर दुसरा, एचआरच्या सिस्टीममध्ये तिसरा. तपासणीला उत्तर देतं एचआर, आणि एचआर सिस्टीममधला हुद्दा वाचून दाखवतं. तुम्ही सहा जणांची टीम सांभाळत होता, क्लायंट तुम्हाला लीड म्हणत होता, पण नोंदीत ‘सीनियर इंजिनीअर’ असेल तर हुद्द्याच्या रकान्यात सीनियर इंजिनीअरच लिहायचं. टीम सांभाळल्याचं खालच्या वर्णनात सविस्तर लिहा, निबंधात लिहा, शिफारस देणाऱ्याला लिहू द्या. तिथे ते शोभूनही दिसतं.

पगार. आपण सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात बोलतो. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी न मिळालेला व्हेरिएबलही असतो. अर्जात सहसा मूळ वार्षिक पगार आणि बोनस वेगवेगळे विचारतात. अपॉइंटमेंट किंवा इन्क्रिमेंटच्या पत्रातला निश्चित पगार एका रकान्यात, हातात पडलेला बोनस दुसऱ्यात. डॉलरमध्ये मागितला असेल तर कोणत्या तारखेचा दर धरला ते तक्त्यात टिपून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी पोर्टलवर भरताना वेगळा आकडा पडणार नाही.

पेरोल. बसायचं एका मोठ्या कंपनीत आणि पगार व्हायचा दुसऱ्याच एजन्सीकडून, अशी हजारो मुलं पुण्यात आहेत. तुमचा मालक म्हणजे एजन्सी. मोठ्या कंपनीच्या एचआरला विचारलं तर तिथे तुमचं नाव सापडणार नाही, आणि अहवालात ‘नोंद नाही’ असं उमटेल. एजन्सीचं नाव मालक म्हणून लिहा, क्लायंटचं नाव कामाच्या वर्णनात घ्या.

नाव बदललेल्या कंपन्या. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री नोव्हेंबर २०२२ मध्ये एक झाल्या. महिंद्रा सत्यम २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत गेली. तुम्ही होता तेव्हाचं नाव आणि आताचं नाव, दोन्ही द्या. संपर्क आताच्या कंपनीच्या एचआरचा द्या. कंपनी बंदच पडली असेल तर तेव्हाच्या वरिष्ठांचा संपर्क द्या, सोबत पीएफ पासबुक आणि फॉर्म १६.

घरचा धंदा. लातूर-बार्शीकडचा एखादा मुलगा वडिलांच्या बियाणं-खतांच्या दुकानात चार वर्षं काम करतो, उधारीची वसुली बघतो, गोडाऊन उभं करतो. मग अर्जात ‘संचालक’ लिहायचं की काय, असा त्याला प्रश्न पडतो. कागदावर भागीदार असाल तर भागीदार लिहा, नसाल तर जे काम करत होता ते लिहा. पुरावा म्हणून शॉप ॲक्टचा परवाना, जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, तुमच्या नावचे आयकर विवरण आणि सीएचं लेटरहेडवरचं पत्र चालतं. संपर्क म्हणून वडिलांचं नाव एकटं देऊ नका. सीए, कंपनीचा डीलर-प्रतिनिधी किंवा बँकेतले अधिकारी, यांपैकी कुणीतरी हवं. बी-स्कूलना असे उमेदवार हवे असतात. त्यांना फक्त बाहेरच्या एका माणसानं ‘हो, हा तिथे असायचा’ एवढं म्हणायला हवं असतं.

आणि गॅप. यूपीएससी-एमपीएससीचा अभ्यास, आईचं आजारपण, बाळंतपण, नोकरी गेली. जे असेल ते लिहा. मागच्या नोकरीची तारीख चार महिने पुढे ढकलून गॅप बुजवणं ही मी पाहिलेल्यांतली सर्वांत सोपी पकडली जाणारी गोष्ट आहे, कारण तारीख हा पहिला प्रश्न असतो.

आता भोसरीची गोष्ट सांगते.

माझी पहिली नोकरी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होती, पंचवीसेक कामगार. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लँडलाइन आणि अकाउंटंट काका. पडताळणीच्या पोर्टलवर मी तोच लँडलाइन नंबर दिला. एका गुरुवारी फोन आला, कुणी उचलला नाही. गुरुवारी भोसरीत साप्ताहिक सुट्टी असते, हे तपासणाऱ्याला कुठून माहीत असणार? दुसऱ्या वेळी काकांनी उचलला. पलीकडचा माणूस इंग्रजीत माझं पूर्ण नाव घेत होता, स्वतःच्या उच्चारात. काकांच्या लेखी मी ‘ताई’ होते आणि रजिस्टरात आडनावापुढे दोन आद्याक्षरं. त्यांनी सांगितलं, अशी कुणी बाई इथे काम करत नाही. ते खरंच होतं, मला नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. पोर्टलवर माझ्या पहिल्या नोकरीपुढे लाल खूण उमटली: पडताळणी होऊ शकली नाही.

मी गाडी काढून भोसरीला गेले. काकांनी लाल कापडी बांधणीचं वेतन रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि ऑगस्टच्या पानावर बोट ठेवलं. तारीख ३, माझी सही, पुढे पगार. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते मालकांना घरून बोलवायला निघाले. मग आम्ही दोघांनी बसून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र लिहिलं: नाव पासपोर्टप्रमाणे, रजिस्टरात ते कसं लिहिलंय, कधीपासून कधीपर्यंत, काय हुद्दा. मालकांची सही, शिक्का, मोबाइल नंबर. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो सोबत. आणि माझ्या ‘जुलै’बद्दल मी स्वतः वेगळी ओळ लिहिली, ती कशी ते सातव्या पायरीत येईल.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते: फोन जो उचलणार आहे, त्याला आधी जाऊन भेटा. एचआर मॅनेजर असो की काका. त्याला सांगा की परदेशातून फोन किंवा मेल येईल, माझं नाव असं उच्चारतील, मी या तारखांना इथे होते, तुमच्या नोंदीत जे आहे तेच सांगा. काय सांगायचं ते पढवायचं नाही. फक्त फोन कशाबद्दल आहे हे त्याला माहीत असावं.

पाचवी पायरी: शिफारसपत्रं

‘तूच लिहून दे, मी अपलोड करतो.’ आपल्याकडचे निम्मे साहेब हेच म्हणतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. पण पडताळणीत शिफारस देणाऱ्याला थेट विचारतात: हे पत्र तुम्ही स्वतः लिहिलंय का? साहेब त्या क्षणी गडबडले तर निस्तरायला तुमच्याकडे काहीही उरत नाही. अर्ज करतानाच त्यांच्यासोबत तासभर बसा, तुम्ही एकत्र केलेल्या कामाची टिपणं द्या आणि लिहू त्यांनाच द्या. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. खरंच वेळ नसेल तर दुसरा माणूस शोधा. पदानं लहान पण तुमचं काम रोज पाहिलेला टीम लीड, कधीच न भेटलेल्या व्हाइस प्रेसिडेंटपेक्षा चांगला.

पत्र ऑफिसच्या मेलवरून गेलेलं बरं. साहेबांनी मधल्या काळात नोकरी बदलली असेल तर पोर्टलवर नवा मेल आणि नंबर द्या, जुन्यावर कुणी उत्तर देणार नाही.

सहावी पायरी: बाकीचं

ढोल-ताशा पथक, एनएसएस, ट्रेकर्सचा बचाव गट, गावातलं वाचनालय. सगळं लिहा, पण ज्याला विचारता येईल असा एक माणूस प्रत्येकापुढे असू द्या. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ या काळातली. तिथलं श्रमदान लिहिताना वर्ष चुकलं तर कुणालाही शोधता येतं. दहा जणांनी मिळून सुरू केलेल्या संस्थेत ‘संस्थापक’ लिहायच्या आधी बाकीच्या नऊ जणांना विचारा.

कॉलेजातली शिस्तभंगाची कारवाई, कॉपी केस, पोलिसांची नोंद, नोकरीवरून काढलं जाणं, याबद्दल अर्जात थेट प्रश्न असतात. प्रश्न दोनदा वाचा. तो नक्की काय विचारतो, आरोप की शिक्षा, हे समजून उत्तर द्या. ‘हो’ असेल तर हो म्हणा आणि काय झालं, त्यानंतर काय केलं हे पाच-सहा ओळींत लिहा.

कन्सल्टंटची मदत घेतली असेल तर सबमिटचं बटण तुम्हीच दाबा, शेवटचा मसुदा तक्त्याशी ओळीओळीनं ताडून. वाक्य सजवताना आकडे फुगलेले मी पाहिलेत. खाली सही तुमची असते.

सातवी पायरी: मेल आल्यावर

आधी तुम्ही पाठवलेल्या अर्जाची पीडीएफ उघडा. पोर्टल एका बाजूला, पीडीएफ दुसऱ्या बाजूला, तक्ता मध्ये. अर्जात जे लिहिलंय तेच पोर्टलवर यायला हवं. तिथे काही ‘सुधारायला’ जाऊ नका. दोन्ही ठिकाणी वेगळं दिसलं तर तिसराच प्रश्न उभा राहतो.

ताडताना चूक सापडली तर? मला माझा जुलै तेव्हाच सापडला. अशा वेळी ॲडमिशन ऑफिसला त्याच दिवशी मेल करा. तपासणाऱ्याला ती सापडायच्या आधी. मेल लहान ठेवा: माझ्या अर्जात अमुक नोकरीची सुरुवात जुलै अशी लिहिली आहे, कंपनीच्या नोंदीत ती ३ ऑगस्ट आहे, त्याआधीचे तीन आठवडे मी विनावेतन काम शिकत होते आणि तो काळ मी चुकून नोकरीत धरला, पत्र सोबत जोडलं आहे. बस. घरची परिस्थिती, लहानपणापासूनचं स्वप्न, माफीचे चार परिच्छेद, यातलं काही नको. मला दोन दिवसांत उत्तर आलं होतं की नोंद दुरुस्त केली आहे. एक-दोन महिन्यांच्या अशा फरकाकडे लोक समजुतीनं बघतात. प्रामाणिक माणसाची चूक आणि लबाडी यातला फरक रोज तपासणी करणाऱ्याला कळतो.

लबाडीचं मात्र वेगळं आहे. सॅलरी स्लिपची पीडीएफ बदलणं, बंद कंपनीच्या नावानं शिक्का बनवून घेणं, मित्राला एचआर म्हणून फोनवर बोलायला लावणं. ‘सगळेच करतात’ असं सांगणारे भेटतील. मार्च २००५ मध्ये काही उमेदवारांनी ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन स्वतःचा निकाल वेळेआधी बघितला. त्यांनी रेझ्युमेत काही खोटं लिहिलं नव्हतं, फक्त डोकावून पाहिलं होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलनं अशा ११९ जणांचे अर्ज नाकारले. आणि एमआयटीच्या प्रवेशप्रमुख मॅरिली जोन्स यांना एप्रिल २००७ मध्ये पद सोडावं लागलं, कारण २८ वर्षांपूर्वी तिथे नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. अर्जाखाली आपण जी सही करतो, तिच्यात ‘माहिती खोटी आढळल्यास प्रवेश किंवा पदवी कधीही रद्द होऊ शकते’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाचा.

पोर्टल भरतानाच्या बारीक गोष्टी: फोन नंबर +९१ लावून द्या, लँडलाइनला पुण्याचा २०, मुंबईचा २२ असा कोड, पुढचं शून्य काढून. लँडलाइनसोबत मोबाइल आणि ऑफिसचा मेल द्याच. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, एचआरच्या टेबलावर कुणी नसतं. साप्ताहिक सुट्टी आणि कोणत्या वेळी फोन करावा हे शेऱ्याच्या रकान्यात लिहा. काही शाळा या तपासणीचं शुल्क विद्यार्थ्याकडून घेतात, तेव्हा परदेशी व्यवहार चालणारं कार्ड जवळ असू द्या. मुदत पाळा, विद्यापीठाकडून उत्तर यायला उशीर लागणार असं दिसलं तर मुदत संपायच्या आधी शाळेला कळवा, सोबत विद्यापीठाकडे भरलेल्या अर्जाची पावती जोडा.

आठवी पायरी: लाल खूण उमटली तर

‘फरक आढळला’ आणि ‘पडताळणी होऊ शकली नाही’ हे दोन वेगळे शेरे आहेत. दुसऱ्याचा अर्थ बहुतेकदा फोन लागला नाही एवढाच असतो. तिथे नवा संपर्क आणि कागद द्यायचे. पहिल्यात आधी नोंद कुणाची चुकली ते बघा. एचआरनं चुकीची तारीख सांगितली असेल तर त्यांच्याकडून दुरुस्तीचं पत्र घ्या. ते त्यांनी थेट तपास कंपनीला मेल केलं तर उत्तम. तुमची चूक असेल तर वर सांगितलं तसं लिहा. फोनवर वाद घालू नका, सगळं लेखी ठेवा.

राजीनाम्याची घाई करू नका. नोटीस पीरियड चालू असताना एचआर तुमच्या मेलला उत्तर देतं. शेवटचा दिवस होऊन गेला, आयडी बंद झाला, की तेच काम दुप्पट वेळ घेतं. चालू नोकरीत अजून सांगितलं नसेल तर पोर्टलवर ‘सध्याच्या मालकाशी अमुक तारखेपर्यंत संपर्क करू नये’ असं नोंदवता येतं का ते बघा. नसेल तर शाळेला विचारा, ही अडचण त्यांना नवी नाही.

नवव्या पायरीसाठी

पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल, तक्ता, पत्रं, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. एफ-वन या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठीच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या पुन्हा भरायच्या असतात, सोशल मीडियाची खातीही लिहायची असतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं आहे. लिंक्डइनवरचा जुना हुद्दा त्याआधी तक्त्याप्रमाणे करून घ्या. एमबीए झाल्यावर नोकरी देणारी कंपनीही हेच सगळं पुन्हा विचारेल.

आणि ज्यांनी ज्यांनी फोन उचलला, त्यांना काम झाल्याचं कळवा. मी पेढे घेऊन भोसरीला गेले होते, तेव्हा काकांनी रजिस्टरच्या त्या पानात चिठ्ठी घालून ठेवलेली होती. गेल्या वर्षी त्याच वर्कशॉपमधल्या एका मुलाचा नंबर लागला. त्याच्या वेळी फोन आला तर काकांनी आधी नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं, मग ‘एक मिनिट थांबा’ म्हणाले आणि रजिस्टर उघडून तारीख वाचून दाखवली.